दानाच्या डब्यावर तुम्ही

बाबा, मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती विचारायला दुसरी जागा उरलेली नाही, म्हणून हा कागद घेतला. पत्र लिहायची मला सवय नाही. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीचे पर्चे, पुण्यस्मरणाच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, या हाताखालून किती शब्द गेले याची गणती नाही, पण ते सगळे लोकांचे. मी फक्त त्यांच्या चुका काढून दिल्या. अमरावतीत बडनेरा रोडवर माझं दुकान आहे, फ्लेक्सचं मशीन स्वतःचं आहे, आणि छापायच्या आधी मजकूर वाचून शुद्ध करून देणारा या रस्त्यावर मी एकटाच आहे. दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. छपाईचे शिशाचे खिळे जुळवणं, स्क्रीन प्रिंटिंग, ऑफसेट, मग कॉम्प्युटर, सगळं पाहून आणि बिघडवून शिकलो. हे मी लोकांना सांगताना जरा मोठ्यानंच सांगतो, असं तुमची सून म्हणते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून ओरडून रायला बे, ऐकू येते."

मागच्या महिन्यात दुकानात एक मुलगी आली. मुलगी म्हणायचं ते माझ्या लेकीच्या वयाची म्हणून. तशी शिकलेली, कामात पक्की. डोळ्यांच्या त्या ट्रस्टची, ज्यांच्या अकोल्याच्या शिबिरात तुमचं ऑपरेशन झालं. आता त्यांचं अमरावतीत हॉस्पिटल आहे. खेड्यापाड्यांत जाऊन मोतीबिंदूचे म्हातारे-म्हाताऱ्या शोधतात, बसमध्ये घालून आणतात, फुकट ऑपरेशन करून परत नेऊन सोडतात. त्यासाठी वर्गणी लागते आणि ती गोळा करणं हे या मुलीचं काम. पहिल्या वाक्यापासून मला काका म्हणाली. अकोला रस्त्याला होर्डिंग लावायची होती, एक बडनेऱ्याला, एक मूर्तिजापूरच्या अलीकडे, एक बोरगावजवळ. खाली मोबाइलवरून पैसे पाठवायचा चौकोन. तिने पेनड्राइव्ह दिला. माझा कॉम्प्युटर जुना आणि फाइल मोठी, त्यामुळे चित्र वरून खाली हळूहळू उघडत आलं. आधी कपाळ आलं. कपाळावर चिकटपट्टी. मी तिथेच ओळखलं. डोळे उघडायच्या आत मी मान वळवली आणि मुलीला विचारलं, चहा घेणार का.

तुमचा तो फोटो तुम्ही नीट पाहिला की नाही, आणि पाहिला तर किती वेळा, हे मला आजही ठाऊक नाही, म्हणून सांगतो. पट्टीवर निळ्या शाईने ऑपरेशनचा डोळा लिहिलाय, 'उजवा', त्यातल्या शेवटच्या अक्षराचा काना पुसट आहे. डोक्यावर टोपी नाही. आयुष्यभर टोपी घातलेल्या माणसाचे केस दाबून बसतात तसे बसलेत आणि कडेने टोपीचा गोल वळ दिसतो. दाढीचे पांढरे खुंट. बंडीची वरची गुंडी नाही. दोन्ही डोळ्यांत दूध सांडल्यासारखं. हनुवटी जराशी वर, आवाज येतो तिकडे तोंड केल्यासारखी, आणि तोंड थोडं उघडं. या फोटोचं पोस्टर पुण्याहून की नागपूरहून छापून आलं होतं कोण जाणे, पण छापणाऱ्याने लाल रंगाची प्लेट नीट बसवली नव्हती, त्यामुळे तुमचा खालचा ओठ दुहेरी दिसतो. वर मोठ्या अक्षरांत, 'यांना पुन्हा पाहू द्या.'

तुम्हाला जे ओळखायचे त्यांच्यासाठी हे चित्र कोण्या दुसऱ्याचंच आहे. अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये तुम्ही मुकादम, रुईच्या गाठींवर मार्का मारायचे. पत्र्याचा कोरलेला साचा गाठीवर धरायचा, काळ्या रंगाचा ब्रश त्यावर थोपटायचा, साचा उचलला की अक्षरं उभी. एकदा तुम्ही मला ब्रश हातात दिला होता. मी भरपूर रंग लावला, साचा उचलला तर अक्षराच्या कडेने रंग फाकलेला. तुम्ही मारलं नाही. म्हणाले, "ब्रश कोरडा पायजे. रंग दिसला का मार्का गेला." आणि ती गाठ ओढून नेईपर्यंत मला तिच्यासमोर उभं केलं. मला कोणी शिकवलं नाही असं मी सांगतो ना, त्यात ही एक दुपार मी धरत नाही. तुम्ही संध्याकाळी घरी यायचे तर हाताच्या नखांत काळा रंग असायचा, पण टोपीवर कधी ठिपका दिसला नाही. आई टोपीला नीळ देऊन घडी करायची. तुम्ही जेवायलाही टोपी घालून बसायचे आणि झोपताना ती खुंटीला लावत नव्हते, उशीच्या बाजूला ठेवायचे.

डोळे जायला लागले हे तुम्ही कबूल केलं नाही. साच्याची कड बोटाने चाचपून मार्का मारत राहिले. मग मार्के वाकडे पडायला लागले, फॅक्टरीवाल्यांनी तुम्हाला फाटकावर बसवलं, आणि फाटकातून आत कोण गेलं हे तुम्ही पावलांवरून सांगायचे, तेही बरोबर. तेव्हा डॉक्टर म्हणायचे, मोतीबिंदू पिकू द्या. तो पिकायची वाट पाहताना तुम्ही घरात भिंतीला हात लावत फिरायला लागले. आई तुम्हाला ताटात कुठे काय वाढलंय ते सांगायची आणि तुम्ही चिडायचे, "मले काय समजत नाही का." पण भाजीच्या जागी मिठात बोट जायचं.

शिबिर धर्मशाळेत होतं. मी तेव्हा छापखान्यात नवा लागलो होतो, सुटी मिळाली नाही, म्हणून आई गेली तुमच्यासोबत. फोटोचं सगळं मला तिच्याकडून कळलं. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांना ओळीत बसवलं. एक माणूस कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, बाबा, टोपी काढा, पट्टी दिसू द्या. तुम्ही विचारलं, फोटो कायले. तो म्हणाला, रेकॉर्डसाठी. रेकॉर्ड म्हणजे तुमच्या लेखी सरकारी काम, आणि सरकारी काम म्हटलं की तुम्ही कधी हुज्जत घातली नाही. तुम्ही टोपी काढून आईच्या हातात दिली. आई म्हणायची, तिने ती पदरात धरून ठेवली होती, आणि तिला वाटत होतं की फोटोवाल्याने लवकर उरकावं, पण तो काही उरकत नव्हता.

डोळ्यावरची पट्टी सुटली त्या दिवशी मात्र मी होतो. काळा चष्मा चढवायच्या आधी डॉक्टरांनी तुम्हाला बोटं दाखवली, किती म्हणून विचारलं. तुम्ही बोटांकडे बघितलंच नाही. तुम्ही त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आईकडे पाहत होते. बराच वेळ पाहून म्हणाले, "काहून वं, इतकी वाळली तू?" आई तोंडाला पदर लावून हसली, मग तशीच बाहेर गेली. नर्सबाई तुम्हाला रागावल्या की डोळ्यांत पाणी आणायचं नाही, टाका ओला होईल. ट्रस्टच्या लोकांनी आपल्याकडून एक पैसा घेतला नव्हता. हे मी विसरलेलो नाही, बाबा. या पत्रात पुढे मी काहीही लिहिलं तरी हे आधी लिहून ठेवतो.

वर्षभराने डबे आले. पत्र्याचे गोल डबे, वर फट, पुढे तुमचा चेहरा. किराणा दुकानांत, औषधांच्या दुकानांत, एसटीच्या कँटीनमध्ये. आपण दोघं फॅक्टरीच्या रस्त्यावरच्या शेठच्या दुकानात तेल आणायला गेलो होतो. तुम्हाला तो जाड भिंगाचा चष्मा मिळून काही महिने झाले होते आणि तुम्ही प्रत्येक वस्तू उचलून, चष्म्यासमोर धरून पाहायचे, साबणावरची अक्षरंसुद्धा. तुम्ही डबा उचलला. मी शेठकडे पाहिलं. शेठ तेल मापत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. तुम्ही डबा जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"कोन होय हा?" तुम्ही शेठला विचारलं.

शेठ वर न पाहता म्हणाले, "असन कोनी गरीब, मुकादम. आंधळ्याइसाठी वर्गणी हाय."

तुम्ही डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "याच्या घरी कोनी नाही का? टोपी त घालून द्या लागत होती मानसाले." मग बंडीच्या खिशातून नाणं काढून फटीतून आत टाकलं.

तुम्ही कित्येक वर्षं आरसा पाहिला नव्हता. त्याआधी पाहिलेला चेहरा मिशीला काळा रंग असलेल्या माणसाचा होता. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती, भाकरी उलटत. तिने मागे वळून बघितलं, तुम्ही अंगणात पाय धूत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "नको सांगजो. नजर आली त्याइची, तेवढं पुरे हाय." एवढंच ठरलं, आणि मग घरातला नियमच झाला. पाहुणे आले आणि कोणी तोंड उघडायला गेलं की आई त्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायची. फॅक्टरीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण मुकादमासमोर बोलायची कोणाची छाती नव्हती. तुम्ही मात्र शेठच्या दुकानात गेले की दर वेळी नाणं टाकायचे. मी तुमच्या मागे उभा असायचो. एक माणूस खिशातून नाणं काढतोय आणि डब्यावरचा तोच माणूस दुधाळ डोळ्यांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहतोय.

मग तुम्ही स्वतः दाढी करायला लागले. अंगणात खुर्ची, भिंतीला आरसा, काळजीपूर्वक. एक दिवस आईने मला हाक मारली आणि दारातून दाखवलं. तुम्ही दाढी अर्धी ठेवून बसला होता. टोपी मांडीवर. हनुवटी हळूहळू वर करत होते, खाली आणत होते, पुन्हा वर. तोंड थोडं उघडं. आई माझा दंड धरून उभी होती. तुम्ही मग टोपी घातली, राहिलेली दाढी केली, वस्तरा धुऊन ठेवला आणि चहा मागितला. त्या आठवड्यात आपण शेठकडे गेलो तर तुम्ही नेहमीसारखं नाणं टाकलं, आणि मग डबा दोन्ही हातांनी धरून फिरवला, चित्राची बाजू भिंतीकडे. पुढच्या वेळी शेठने तो पुन्हा सरळ ठेवलेला होता. तुम्ही नाणं टाकलं आणि पुन्हा फिरवला. शेठ एकदा म्हणाले, "काय मुकादम, मूर्ती पाठमोरी करून रायले." तुम्ही म्हणाले, "चित्रावर धूय बसते." पुढे किती वर्षं हे चाललं. नाणं चुकलं नाही, फिरवणंही चुकलं नाही.

तुम्ही गेलात ती सकाळ उन्हाळ्यातली. मी सामान आणायला गेलो. दुकान नेहमीचं नव्हतं, स्मशानाच्या वाटेवरचं, जिथे बांबू, सुतळी, मडकं, पांढरं कापड, सगळं एका ठिकाणी बांधून मिळतं. दुकानदार सवयीने हात चालवत होता. वडील का, त्याने विचारलं. मी हो म्हणालो. काउंटरवर आमच्या दोघांच्या मधे तुम्ही होता. घरी ज्यांच्या नाकात कापूस घालून ठेवला होता ते, इथे हनुवटी वर करून, तोंड उघडं ठेवून, माझ्याकडे तोंड करून. पैसे परत देताना त्याच्याकडे सुटे नव्हते. त्याने डब्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "याच्यात टाकून देऊ का, भाऊ? पुन्याचं काम होय." मी मान हलवली. नाणी पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. रस्ताभर मला वाटत होतं की मी तुम्हाला तिथेच काउंटरवर सोडून चाललोय आणि खांद्यावर जे घेऊन निघालोय ते नुसते बांबू.

त्यानंतर तुम्ही मला कुठे भेटला नाहीत ते सांगणं सोपं आहे. भेटलात ते बडनेऱ्याच्या औषधाच्या दुकानात, मूर्तिजापूरच्या हॉटेलात समोशांच्या काचेशेजारी, माझ्या लेकीच्या लग्नाचं कापड घेताना त्या कापडवाल्याच्या गल्ल्यापाशी. चित्र उन्हाने फिकं होत गेलं. आधी लाल गेला, मग पिवळा. लाल आणि पिवळा उन्हात आधी मरतात, निळा टिकतो. त्यामुळे शेवटी तुम्ही निळे झालात, पाण्याखालून पाहिल्यासारखे. मी कधी कोणाला सांगितलं नाही की हे माझे वडील. लाज होती असं नाही. सांगितलं असतं तर समोरच्याने आधी चित्राकडे, मग माझ्याकडे पाहिलं असतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर दया आली असती. तुमच्यावर आणि मग माझ्यावर. आपल्या दोघांना ती झेपली नसती.

तर ती मुलगी चहा पिऊन गेली आणि तुम्ही पडद्यावर राहिलात. तुमची सून जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. तिने पडद्याकडे पाहिलं आणि डबा टेबलावर न ठेवता हातातच धरून उभी राहिली.

"मामाजीच होय ना हे?"

"हाव."

"मंग छापता कसे? मामाजी माह्यासमोर कधी टोपीबिगर बसले नाही. मी पानी द्यायले गेली त आधी टोपी चाचपत."

मी म्हणालो, गिऱ्हाईक आहे, ऑर्डर आहे. ती म्हणाली, मग जेवून घ्या, आणि निघून गेली. मी जेवलो नाही. होर्डिंगच्या मापाला चित्र केवढं होतं ते बघायला मी ते वाढवत गेलो. तुमचा एक डोळा पडद्याएवढा झाला. ती फाइल म्हणजे जुन्या पोस्टरचा स्कॅन. मूळ फोटो कोणाकडेच नाही. त्यामुळे जवळ गेलं की नुसते छपाईचे ठिपके, काळे, निळे, पिवळे, लाल, एकमेकांपासून सुटे. अजून जवळ गेलं की ठिपक्यांच्या मधला पांढरा कागद. माणूस नाही. मागे सरकलं की पुन्हा तुम्ही, आणि तसेच. मी किती वेळा आत गेलो आणि बाहेर आलो. जवळ येऊ देत नाही आणि लांबही जाऊ देत नाही असं माणसाने का करावं.

दोन दिवसांनी मी मुलीला बोलावून सांगितलं की हे माझे वडील. ती खुर्चीवरून उठलीच. काका, मला माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं, आमच्याकडे जुनी नोंदच नाही, आम्ही हे लगेच काढून टाकतो. आजकाल आम्ही घरच्यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एकही चेहरा वापरत नाही. ती खरंच ओशाळली होती, आणि तिला ओशाळलेलं पाहून मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही. मी तिच्यासमोर दुसरा फोटो ठेवला. आईने हट्टाने स्टुडिओत काढून घेतलेला तो, टोपी, जाड चष्मा, कोट भाड्याचा. मी म्हटलं, हा घ्या, हेच ते, नजर परत आल्यानंतरचे. वर लिहा, यांना दिसतं.

तिने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "काका, हे रागावल्यासारखे दिसतात."

"रागावलेलेच होते. फोटोवाल्याने ताटकळत ठेवलं होतं."

ती हसली, मीही हसलो. मग तिने मला सरळ सांगितलं, आणि त्याबद्दल मी तिला मानतो. चष्मा घातलेले, हसरे, नातवंडांसोबतचे असे फोटो त्यांनी लावून पाहिले. लोक म्हणतात वा छान, आणि पुढे जातात. "तुमच्या बाबांपाशी माणूस थांबतो. का ते मला सांगता येत नाही. पण तो थांबला की कुठल्या तरी गावात एक म्हातारी बसमध्ये चढते." मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही नाही वापरणार. दुसरं कोणीतरी शोधू. शनिवारी नांदगाव खंडेश्वरला तपासणी आहे, तिथे फोटोग्राफर येतोय. तुम्हीही चला, पाहा आम्ही कसं काम करतो."

गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर म्हातारी माणसं ओळीने. तपासून झालं आणि ऑपरेशनला न्यायचं ठरलं की कपाळावर पट्टी. अजूनही तीच पट्टी आहे, बाबा, फक्त शाईच्या जागी मार्कर आला. ओळीत एक म्हातारा होता, तुमच्यासारखा काटक, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. सोबत सून. फोटोग्राफर तरुण होता आणि अतिशय अदबीने वागत होता. त्याने खाली बसून म्हाताऱ्याला सगळं समजावलं, फोटो कशासाठी, कुठे लागेल, चालेल का. म्हातारा म्हणाला, "काढ ना बाप्पा. मले थोडाच दिसनार हाय." सगळे हसले. सुनेने दुपट्टा सोडून आपल्या हातात घेतला. म्हाताऱ्याने चाचपून केस सारखे केले आणि फोटो म्हणजे हसायचं म्हणून तो छान हसला. तीनच दात. फोटोग्राफर म्हणाला, आजोबा, जरा साधं बसा. म्हातारा साधा बसला, आणि क्लिक होणार म्हणून पुन्हा हसला. मग त्या मुलाने कॅमेरा डोळ्याला लावून ठेवला आणि तो काही न बोलता थांबून राहिला. म्हाताऱ्याला वाटलं झालं असेल. हसू चेहऱ्यावर थोडा वेळ राहिलं, मग ओठांच्या कोपऱ्यातून सुटायला लागलं. हनुवटी आवाज शोधत वर गेली. तोंड थोडं उघडं राहिलं.

मी सुनेकडे पाहिलं. तिने दुपट्टा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. आई मला जे वर्षानुवर्षं सांगत होती, की तो उरकत नव्हता, ते मला तिथे उन्हात उभं राहून कळलं. मी ट्रस्टच्या मुलीला बाजूला बोलावलं आणि म्हणालो, तुम्ही हा फोटो आत्ता राहू द्या, जुन्याचं मी घरी विचारून सांगतो.

घरी विचारायचं म्हणजे तुम्हाला. तुमचं उत्तर काय असेल ते मी शेठच्या दुकानावरून काढून बघतो, आणि दर वेळी उत्तरं दोन निघतात. नाणं टाकताना तुम्ही हो म्हणत होता. डबा फिरवताना नको म्हणत होता. एकाच माणसाने, एकाच वेळी, त्याच हातांनी. मधे काही बोलला असता तर आज मला सोपं गेलं असतं, पण बोलायचं नाही हे आपल्या घरात तुमच्याआधी आईने ठरवलं होतं, आणि तुम्ही ते पाळलंत. कधी वाटतं, तुम्ही आमच्यासाठी पाळलंत. आम्हाला वाटावं की तुम्हाला काही कळलं नाही.

लाल प्लेट मी कॉम्प्युटरवर सरकवून जागेवर आणली आहे. तुमचा ओठ आता एकच दिसतो. ठिपके भरून काढले, पुसट काना होता तसाच ठेवला. टोपी काढून बघितली, म्हणजे चढवून बघितली, एका दुसऱ्या फोटोतली. बसली नीट, पण तिच्याखाली पट्टी झाकली गेली आणि ते चित्र एका म्हाताऱ्या माणसाचं झालं, बाकी काही नाही. मी ती काढून टाकली. ते करताना माझा हात थांबला होता, हे तुम्हाला सांगायला पाहिजे.

आणि एक. वर मी लिहिलं की नांदगावला मी मुलीला घरी विचारून सांगतो म्हणालो. तसं मी म्हणालो नव्हतो. त्या म्हाताऱ्याचं हसू सुटायला लागलं तेव्हा मी मधे गेलो, कॅमेऱ्यासमोर हात धरला आणि म्हणालो, यांना राहू द्या, आमचेच लावा. मुलीने पिशवीतून परवानगीचा कागद काढला आणि मी तिथेच शाळेच्या कठड्यावर ठेवून सही केली. नात्याच्या जागी मुलगा लिहिलं. सुनेने दुपट्टा पुन्हा गुंडाळून दिला, म्हाताऱ्याने विचारलं, निघाला का फोटो, आणि मी म्हणालो, हाव आजोबा, चांगला निघाला. होर्डिंग आज दुपारी मूर्तिजापूरच्या अलीकडे चढलं. तुम्ही नको म्हणाल याची मला भीती होती, म्हणून सही आधी केली, बाबा, आणि विचारायला आत्ता बसलो.